दिसेनासं होईपर्यंत

५ नोव्हेंबर, बुधवार

मध्येच काय थांबलात? सरका. हो, तुम्हालाच म्हणतेय. पहिल्याच ओळीवर पाय रोवून उभे राहिलात आणि आता बाहेर जायचा रस्ता शोधताय. मागून लोक येतायत. दुसऱ्याची दैनंदिनी वाचू नये असं वाटत असेल, तर ते उघडायच्या आधी वाटायला हवं होतं. आता आत आलाच आहात तर चालत राहा. उभं राहायचंच असेल तर डावीकडे.

डावीकडे नाही. उजवीकडे. बघा, मलाच अजून सवय नाही.

आज शोबुबाशी स्टेशनच्या सरकत्या जिन्यावर मी सवयीनं डावीकडे उभी राहिले. मागून एकजण ओरडला, "ओ टोकियोच्या बाई, उभं राहायचंय तर उजवीकडे! डावी बाजू पळणाऱ्यांची!" अख्खा जिना हसला. टोकियोत बरोबर उलटं असतं. स्टेशनात माणसांनी कुठून कसं चालावं हे ठरवायचा मला पगार मिळतो. बदली होऊन एप्रिलपासून ओसाकात आहे आणि मला अजून जिन्यावर नीट उभं राहता येत नाही.

ऑफिस सोडलं तर आज माणसाशी झालेलं बोलणं तेवढंच. आणि त्यातही मी बोललेच नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

सोबुए साहेबांनी गर्दीचा नकाशा माझ्या टेबलावर टाकला. कॅमेऱ्यांवरून कॉम्प्युटर तो काढतो. माणसं चालत राहतात तिथे निळा रंग, थांबतात तिथे लाल. शोबुबाशीच्या तिकीटगेटाजवळ, आतही आणि बाहेरही, मोठे लाल डाग.

"गोवर आलाय स्टेशनाला," साहेब म्हणाले. "नव्या स्टेशनच्या आराखड्यात हा डाग मला दिसता कामा नये. तुम्ही टोकियोवाले गर्दी हाकण्यात हुशार म्हणे."

"बघते," मी म्हटलं.

"बघू नका, घालवा. बघायला आम्ही आहोतच."

आमच्या धंद्यात याला साचणं म्हणतात. पाण्यासारखं. माझ्या कॉम्प्युटरमध्ये ठिपके असतात. प्रत्येक ठिपका म्हणजे एक माणूस. मी त्याला कुठून निघायचं ते सांगते, कुठे पोचायचं ते सांगते, आणि सोडून देते. तो सगळ्यात सोप्या वाटेनं जातो. कुणाला धडकत नाही, कुणाकडे बघत नाही, पोचला की नाहीसा होतो. शोबुबाशीच्या नकाशात मी संध्याकाळची सगळी गर्दी सोडून बघितली. माझे ठिपके गेटाजवळ अजिबात थांबले नाहीत. सरळ गेले.

म्हणजे ठिपक्यांचं काही चुकत नाहीये. माणसांचं चुकतंय.

१२ नोव्हेंबर, बुधवार

सापडलं.

संध्याकाळी गेटाच्या बाहेर, फुलांच्या दुकानाला टेकून उभी राहिले. हे लोक निरोप देतात! गेटापर्यंत पोचवायला येतात आणि मग जात नाहीत. आजी नातवाला हात हलवते, नातू आत जाऊन हात हलवतो, मागचा माणूस अडतो. कंपनीतले तिघं एका गिऱ्हाइकाला पोचवायला आले. गिऱ्हाईक आत गेलं, तिघं कमरेत वाकले. गिऱ्हाइकानं वळून बघितलं, तर अजून वाकलेलेच. त्याला परत वाकावं लागलं. परत चालला, परत वळला. बिचारा जिन्याकडे उलटा उलटा गेला, एका बाईच्या बॅगेवर आपटला.

आपल्याकडे हे असतंच. समोरचा दिसेनासा होईपर्यंत उभं राहायचं, आणि जाणाऱ्यानं वळून बघायचं. लहानपणापासून बघतेय. पण माझ्या हिशोबात ते कधी आलंच नाही, कारण पोचवायला आलेला माणूस कुठे जात नसतो. तो येतो, उभा राहतो, परत जातो. त्याला शेवट काय द्यायचा?

सगळ्यात वाईट म्हणजे एक म्हातारा आणि एक म्हातारी. तो गेटातून आत जातो, वळतो, टोपी काढतो. ती वाकते. मग घड्याळाखाली परत वळतो. परत टोपी. ती परत वाकते. मग जिन्याच्या वरच्या पायरीवर तिसऱ्यांदा, आणि या वेळी टोपी हवेत उंच धरतो, जहाजावरून चालल्यासारखा. अख्खी गर्दी त्याच्या दोन्ही बाजूंनी फुटून वाहते. तो उतरून गेला तरी ती थोडी उभीच होती.

नोंद केली: दोन व्यक्ती, तीन थांबे, मोठा अडथळा.

घरी येऊन उदोन शेवया उकडल्या. एकटीला जास्त झाल्या.

१९ नोव्हेंबर, बुधवार

म्हातारीनं पकडलं मला.

"काय गं, चोर पकडायला उभी असतेस का चोरी करायला?"

मी म्हटलं, रेल्वेच्या कामासाठी पाहणी करतेय.

"माणसं मोजतेस होय! माझ्या भाचीचा मुलगा पण करायचा. तासावर पैसे. थंडीत उभं करतात मेले." पिशवीत हात घालून तिनं माझ्या हातावर आल्याची गोळी ठेवली. "खा. आणि कोटाचं बटण कुठे घालवलंस?"

मी खाली बघितलं. खरंच नव्हतं. कधी गेलं कुणास ठाऊक. माझ्या कोटाकडे बघणारं कुणी नाही, मी पण नाही.

म्हातारी म्हणजे इसोगाई काकू. त्यांचं स्टेशनसमोरच्या बाजारगल्लीत बटणांचं दुकान आहे. मला ओढतच नेलं. कोट अंगावर असतानाच बटण शिवायला बसल्या, सुई माझ्या पोटासमोर. "हलू नकोस, भोसकेन." माझ्यासारखं बटण नव्हतं म्हणून हिरवं लावलं. बाकीची काळी. "राहू दे. कुणी विचारलं तर बोलायला विषय होईल."

म्हातारा म्हणजे नुकाता-सान. काकूंचे यजमान आणि ते एकाच छापखान्यात होते. यजमान गेले, तेव्हापासून नुकाता-सान दर बुधवारी येतात. बुधवारी दुकान बंद. देवघरात यजमानांच्या फोटोसमोर उदबत्ती लावतात, चहा पितात, चहाला नावं ठेवतात आणि निघतात.

"दुसरं काही नाही?" मी विचारलं.

"दुसरं काय असायचं? एकदा संत्री आणली होती. आंबट निघाली."

निघताना मी म्हटलं, "बरं, जाते."

"जाते काय नुसतं? टोकियोत आईबापांनी शिकवलं नाही? जाऊन येते म्हणावं."

म्हटलं मग. एखाद्याला 'जाऊन येते' म्हणून दारातून बाहेर पडणं, हे मी बऱ्याच महिन्यांनी केलं. माझ्या खोलीत फ्रीज आहे फक्त.

मी माणसं मोजत नाही, स्टेशन आखते, हे सांगायचं राहून गेलं.

३ डिसेंबर, बुधवार

सुचलं! आंघोळ करता करता सुचलं, तशीच बाहेर येऊन कागदावर काढलं, कागद भिजला.

बघा. निरोप किती वेळ चालतो? माणूस दिसेनासा होईपर्यंत. शोबुबाशीला गेटापासून जिन्यापर्यंत सरळ, लांब, उघडी जागा आहे, म्हणून माणूस दिसतच राहतो, म्हणून निरोप संपतच नाही. पाट्या लावून काही होणार नाही. शिपाई उभा करून काही होणार नाही. दिसणंच कमी करायचं! गेटातून आत आल्याबरोबर तिरपी भिंत. माणूस डावीकडे वळला की गायब. पुढे नवा रुंद जिना. हात हलवायला सुरुवात करेपर्यंत समोर भिंत. कुणाला काही मनाई नाही, कुणावर ओरडणं नाही. माणसं आपोआप पांगतील.

ठिपके सोडून बघितले. इतके सुंदर वळले की मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

साहेबांनी कागद उजेडात धरला. मग म्हणाले, "कुनिएदा-सान, तुम्ही फार दुष्ट आहात." हा ओसाकातला सगळ्यात मोठा मान असावा, कारण नंतर त्यांनी स्वतःच्या पैशानं मला कॉफी पाजली.

जानेवारीत पांढऱ्या पत्र्याची तात्पुरती भिंत उभारून बघायची. जमलं तर कायमची.

२१ डिसेंबर, रविवार

रविवारी लोक काय करतात? मी दुसऱ्या स्टेशनांवर जाऊन गर्दी बघते. आज तेही नको वाटलं म्हणून काकूंच्या दुकानात गेले, दोरा हवाय म्हणून. दोरा नको होता.

काकूंनी बटणांचे डबे माझ्यासमोर ओतले आणि रंग वेगळे करायला बसवलं. "हात रिकामे असले की तू माणसांकडे टक लावून बघतेस. चांगलं नाही दिसत." गिऱ्हाईक आलं तर म्हणाल्या, "ही माझी टोकियोची. कामाला मंद आहे, पण गरीब आहे."

'माझी' म्हणाल्या. माझी टोकियोची. बोलण्यात येतं असं. ओसाकातले लोक बोलतातच सैल.

बटणं सगळी वेगळी करून झाल्यावर काकूंनी ती परत एका डब्यात ओतली. माझ्या लक्षात आलं, ती आधीपासून कुणाला वेगळी नकोच होती.

१ जानेवारी, गुरुवार

नव्या वर्षासाठी टोकियोला गेले नाही. गाड्यांना गर्दी असते, आणि मला गर्दीचा त्रास होतो. हसताय काय? आईचा फोन आला. तिनं विचारलं कोण कोण आहे सोबत. मी म्हटलं ऑफिसातले सगळे आहेत. टीव्हीचा आवाज मोठा केला.

१४ जानेवारी, बुधवार

सोमवारी भिंत लागली. आजचा नकाशा निळा. निळा! समुद्रासारखा! आतला डाग गेला, बाहेरचा गेला. कंपनीवाले लोक एकदाच वाकतात, समोर पत्रा बघतात, ओशाळतात आणि निघून जातात. आज्या हात अर्धा उचलतात आणि खाली घेतात.

साहेबांनी सगळ्या मजल्याला बोलावून नकाशा दाखवला. टाळ्या झाल्या. फक्त बाहेरच्या बाजूला, भिंतीच्या अगदी समोर, एक बारीकसा लाल ठिपका राहिलाय.

"हे काय? कुंडी ठेवली का कुणी?" साहेब म्हणाले.

"कॅमेऱ्याची चूक असेल. भिंतीवरून उजेड परत येतो."

"मग ठीक. एका ठिपक्यानं कुणी मरत नाही."

२१ जानेवारी, बुधवार

काकू आज भयंकर चिडल्या होत्या. गोळी दिली ती पण फेकून मारल्यासारखी.

"कुठल्या शहाण्यानं तो पत्रा ठोकलाय गं? कुणाच्या डोक्यातून निघालं असेल? त्याच्या घरी माणसं आहेत की नाहीत? त्याला कधी कुणी पोचवायला आलं नसणार, सांगते तुला. आलं असतं तर असं सुचलंच नसतं. तू रेल्वेतली ना? कुणाचं काम हे?"

मी म्हटलं, "वरच्या लोकांचं असेल."

"वरचे! वर बसून खालचं काय दिसतं त्यांना?" मग जरा शांत झाल्या. माझ्या हिरव्या बटणाचा दोरा ओढून बघितला, घट्ट आहे का. "तुला कशाला बोलते मी. तू बिचारी मोजायला उभी राहणारी."

सांगणार होते. शप्पथ सांगणार होते. पण या गावात मला 'जाऊन येते' म्हणायला ही एकच जागा आहे. ती भिंत माझी आहे म्हटलं असतं तर बटणाचा डबा परत पुढे आला असता का? तुम्हाला माहीत असेल तर तुम्ही सांगा. नाही ना? मग चालत राहा.

४ फेब्रुवारी, बुधवार

आज आतल्या बाजूनं वळणाची पाहणी करायला गेले. लोक झकास वळत होते. आणि भिंतीच्या आतल्या कोपऱ्यात, जिथे पाण्याच्या बाटल्यांचं मशीन आहे आणि कॅमेरा पोचत नाही, तिथे नुकाता-सान उभे होते. पत्र्याकडे तोंड करून. टोपी हातात. नाक जवळजवळ पत्र्याला टेकलेलं.

मला वाटलं चक्कर आली. जवळ गेले. "आजोबा, बरं वाटत नाही का? बसता का?"

दचकले. मग हिरव्या बटणावरून ओळखलं. "तू बटणवाली ना? म्हणजे, बटण लावलेली." टोपी घातली, परत काढली. "गाडीला वेळ आहे म्हणून उभा आहे जरा."

गाडी खाली लागलेली होती. सुटली पण. ते हलले नाहीत.

मग म्हणाले, "पूर्वी तीनदा वळायचो. आता वळून काय करू? म्हणून इथे थांबतो. तेवढाच वेळ. सवय." पत्र्यावर बोट वाजवलं, दारावर वाजवावं तसं, पण हळू. "पलीकडे त्या निघून गेल्या असतील. थंडीत उभ्या राहू नका असं मीच सांगितलंय त्यांना. तू बोलू नकोस हं काही. मी इथे थांबतो हे कळलं, तर त्या तिकडे थांबतील. छाती नाजूक आहे त्यांची. आणि मला हसतील ते वेगळंच."

"नाही सांगत," मी म्हटलं.

"ही भिंत किती दिवस आहे गं?"

मी म्हटलं मला कल्पना नाही.

ते जिना उतरून गेले. मी बघत होते. वळले नाहीत. मी उभी आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं म्हणून असेल.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

बैठक झाली. भिंत मंजूर. पत्रा जाऊन क्रीम रंगाची पक्की भिंत येणार, तिच्यावर शोबुच्या जांभळ्या फुलांचं चित्र. एका साहेबांनी विचारलं, नकाशात तो बाहेर एकच लाल ठिपका कसला? रोज नाही, बुधवारीच दिसतो.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, यंत्रातला दोष.

"मग छापायच्या आधी पुसून टाका. उगाच डोळ्यात येतो."

जागेवर येऊन पुसला. एकदा दाबलं की निळा होतो.

बुधवारीच दिसतो. बुधवारी उजेड वेगळा पडतो का? बघायला पाहिजे.

४ मार्च, बुधवार

काकू बोलता बोलता बोलून गेल्या. "हे बुधवारचं बंद करावं म्हणते मी."

"का?"

"त्यांना कंटाळा आलाय. कळतं गं. आधी गेटातून गेल्यावर तीन तीनदा वळायचे. मला लाज वाटायची, लोक बघतात म्हणून. आता? गेले की गेले. कुत्रं मागे लागल्यासारखे. पत्रा आहे मान्य, पण माणसाला वाटलं तर दोन पावलं मागे येऊन बघतोच ना तो? एकदाही नाही आले. म्हातारा माणूस, इतक्या लांबून येतो, माझ्या घरचा कडू चहा पितो. कर्तव्य म्हणून येत असणार. आमच्या ह्यांना शब्द दिला असेल. आपण कुणावर ओझं होऊ नये."

"पण काकू, तुम्ही तरी थांबता का भिंतीपाशी?"

"मी? वेडी आहे का? ते वळले की मी घरी. थंडी काय असते ती."

मी नुसती मान डोलावली. मला तोंड आहे की नाही?

नुकाता-सान निघाले तेव्हा मी फुलांच्या दुकानाशी उभी होते. ते आत गेले, वळले, दिसेनासे झाले. काकू वाकल्या. पत्र्यासमोर वाकल्या. सरळ झाल्या. मग गेल्या नाहीत. पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून, पत्र्यासमोर, पांढऱ्या कोऱ्या पत्र्यासमोर उभ्या राहिल्या. जशा पूर्वी ते घड्याळाखाली पोचेपर्यंत उभ्या राहायच्या. मग परत वाकल्या. मग परत उभ्या. मग तिसऱ्यांदा, आणि या वेळी मान जरा वर, टोपी उंच धरलेली असते तिकडे.

आणि पलीकडे, हाताच्या अंतरावर, मशीनपाशी.

तो माझा लाल ठिपका होता. मी पुसलेला.

मी गेले नाही जवळ. दुकानदारानं विचारलं, फुलं हवीत का. मी म्हटलं, हो. आता खोलीत फ्रीज आहे आणि फुलं आहेत.

१० मार्च, मंगळवार

बदलीचा हुकूम. फुकुओका. साहेब म्हणाले, "तिकडे याहून मोठं स्टेशन आहे, गोवर नाही, देवी आल्यात. तुमची भिंत गाजलीय. तिकडे तिला कुनिएदा वळण म्हणतात म्हणे." वर एक वाक्य हळू जोडलं: "ओसाका तुम्हाला फार लागू पडलं नाही, नाही का? पण एकटं माणूस असलं की बदली बरी पडते. उचललं की निघालं."

मी म्हटलं, "हो, सामान कमीच आहे."

भिंत थांबवता येईल का असं विचारलं. साहेब हसले. मग मी हसत नाहीये हे बघून थांबले. "का? चुकलं का काही? आकडे चुकले?"

"आकडे बरोबर आहेत."

"मग?"

मग काय सांगू? दोन म्हातारी माणसं भिंतीला दोन्हीकडून नाक लावून उभी राहतात? सांगितलं. साहेब खिडकीपाशी गेले. "माझी आई पण उभी राहायची," म्हणाले. "गल्लीच्या तोंडाशी. मला फार राग यायचा." आणि फाईल बंद केली. "भिंत मंजूर झालीय, कुनिएदा-सान."

१८ मार्च, बुधवार

वसंतातले पितरांचे दिवस सुरू झाले. काकूंनी भाताच्या गोळ्यांवर गोड डाळ थापून फोटोसमोर ठेवले, मला पण दिले. मी दोन खाल्ले, तिसरा त्यांनी हातात कोंबला. नुकाता-सान पण होते. ते असताना मी पहिल्यांदाच त्या घरात होते.

"साखर जास्त झालीय," नुकाता-सान म्हणाले.

"खाताना कळलं नाही? तिसरा आहे तो!"

"तीन खाल्ल्याशिवाय नक्की सांगता येत नाही."

काकू हसल्या नाहीत. एरवी हसल्या असत्या. चहा ओतताना दोघांच्या मधली जागा किती काळजीनं सांभाळत होत्या, जणू तिथे कुणीतरी तिसरं बसलंय. तिथे मी बसले होते खरं तर.

नुकाता-सान माझ्याकडे बघून डोळ्यांनी विचारत होते, बोलली नाहीस ना? मी मानेनं नाही म्हटलं.

ते हात धुवायला गेले तेव्हा काकू कुजबुजल्या, "आज नको. सणाचे दिवस आहेत. पुढच्या बुधवारी सांगून टाकते, आता येऊ नका म्हणून. नीट बोलते. त्यांनाच सुटल्यासारखं होईल."

पुढच्या बुधवारी मी नाही. दुपारचीच गाडी आहे.

२५ मार्च, बुधवार

फलाटावर उभ्या उभ्या लिहितेय, अक्षराला हसू नका.

काकू पोचवायला आल्या. मी नको म्हटलं होतं. मला आजवर गेटापर्यंत पोचवायला कुणी आलेलं आठवत नाही. आई टोकियोत आली होती बहुतेक. मी घाईत होते.

माझ्या हातात पुडा कोंबला. त्यात काळं बटण. "तुझ्यासारखंच सापडलं शेवटी. डब्याच्या तळाशी होतं. हिरवं काढ आणि हे लाव."

"हिरवं राहू दे."

"मग विषय काढायला कुणी भेटलं का? बटण वेगळं का म्हणून?"

"नाही भेटलं."

"फुकुओकात भेटेल." त्यांनी माझी कॉलर सारखी केली. "चल, मी निघते. ते पाचला यायचेत. सकाळपासून मनात वाक्य जुळवतेय. 'आपण फार केलंत आमच्यासाठी' इथून सुरुवात करणार. बरं वाटतं ना?"

मागे गर्दी होती. आम्ही दोघी बरोबर त्या जागेवर उभ्या होतो जिथे डाग असायचा. एक माणूस च्च च्च करत बाजूनं गेला. मी तिकिटाचं कार्ड काढलं. नुकाता-सानना शब्द दिलाय. आणि सांगितलं, तर हे एक दार पण गेलं. फुकुओकाहून कार्ड पाठवायला एक पत्ता असता तो पण गेला. न सांगितलं तर राहील. नव्या वर्षाला संत्री पाठवता येतील. 'माझी टोकियोची' म्हणत राहतील.

"काकू, ती भिंत माझी आहे."

"काय म्हणालीस?"

"मी माणसं मोजत नाही. मी स्टेशन आखते. ती भिंत मी काढली, मलाच सुचली, टाळ्या वाजवल्या मी. आणि नुकाता-सान घाईनं जात नाहीत. ते भिंतीच्या मागे उभे असतात. बाटल्यांच्या मशीनपाशी. टोपी काढून. तुम्ही इकडे वाकता तेवढा सगळा वेळ, एक गाडी जाऊ देतात. दर बुधवारी. त्यांनी सांगू नको म्हटलं होतं."

काकूंचा माझ्या कॉलरवरचा हात तिथेच होता. मी तो काढला, कार्ड लावलं, गेट उघडलं, आत गेले. आत गेलं की लगेच डावीकडे वळावं लागतं. मीच तसं केलंय. चार पावलं असतील नसतील. काकूंना एक शब्द बोलायचा तर तेवढा पण वेळ नाही त्यात. इतकं चोख काम आहे माझं.

वळले. मग थांबले. मशीनपाशी. मागून लोक आले, एकीची बॅग माझ्या पायावरून गेली, कुणीतरी म्हणालं, "मध्येच काय थांबता, बाई?" मी पत्र्याकडे तोंड केलं. पांढरा. थंड. पलीकडे काकू उभ्या असतील की संतापून तरातरा घरी गेल्या असतील? वाकत असतील की थुंकत असतील? मी कान लावला. स्टेशनचाच आवाज. दोन पावलं मागे जाऊन वाकून बघता आलं असतं. काकूच म्हणाल्या होत्या, माणसाला वाटलं तर बघतोच.

नाही बघितलं. भिंत आता त्या दोघांची आहे. संध्याकाळी निरोपाच्या वेळी कोण कुठल्या बाजूला उभं राहतं ते त्यांचं त्यांनी ठरवावं. मी फक्त बोटानं दोनदा वाजवलं, हळू. आणि वाकले. एकदा. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा जरा जास्त वेळ.

माझी गाडी लागली. तुम्हाला आता बरंच बोलायचंय, दिसतंय तोंडावर. सांगायला नको होतं, आधीच सांगायला हवं होतं, मागे वळून बघायला काय झालं होतं. असेल. पण दारात उभं राहू नका, लोक चढतायत. सरका. उजवीकडे.

जाऊन येते.